शून्य पातळी

बिल्डरनं नाव आधीच ठरवलं होतं: 'सरोवर'.
परसटोल्याच्या मालगुजारी तलावाकाठी
अकरा मजले, बाहत्तर फ्लॅट,
आणि प्रत्येक दिवाणखान्यातून पाणी दिसलंच पाहिजे,
बसल्या जागेवरून,
सोफ्याची उंची अठरा इंच धरून.

दर शनिवारी मी नागपूरहून
साकोलीपर्यंत बसनं, पुढे मिळेल त्या गाडीनं,
डम्पी लेव्हल खांद्याला, डब्यात भेंडी.

डोळ्यापासून पाण्यापर्यंत रेघा ओढल्या.
तिसऱ्या मजल्याला कठड्याची सळई आड येत होती,
तिथं काच घातली.
सातव्याची बाल्कनी दीड फूट पुढे काढली,
कोपऱ्यातली खोली जराशी फिरवली,
बैठकीत कुणी मान वळवून बसावं तशी.
खरं सांगते, मला आवडू लागली होती इमारत.

थ्रीडी करणाऱ्या पोरानं तलावात निळा रंग ओतला.
एवढा निळा नाहीये रे, मी म्हटलं.
ब्रोशरात असतो, मॅडम.

पतिराम मारबते, ढिवर सोसायटीचे जुने चिटणीस.
पाळीवर नकाशा पसरला,
उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर जाळ्याचं शिसं ठेवलं.
मला वाटलं होतं, ते कागद उलटा धरतील.
त्यांनी बोट सरळ बेसमेंटवर ठेवलं.
"हे गाड्या ठेवाची जागा?
अथी भादव्यात दाडक अंडे देते."
मग चष्मा वर करून,
"अन् सलंग कुठं दाखोली, बाई?"

सलंग.
भरलेला तलाव जिथून जास्तीचं पाणी
गाव न बुडवता सोडून देतो.
माझ्या नकाशात तिथं क्लबहाऊस होतं.

मे महिन्यात गेले, तर तलाव रिकामा.
तडकलेल्या गाळातून बाया कमळाचे कांदे उकरत होत्या.
एक माणूस सायकलवर, मागे सिलिंडर बांधून,
तलावाच्या मधोमध चालला होता पलीकडच्या टोलीवर.
बाहत्तर सोफ्यांवरून
त्याचंच दर्शन होणार होतं.
बोअर मारून भरून ठेवू, बिल्डर फोनवर म्हणाला.

त्या दिवशी तुडूम पहिल्यांदा उघडं दिसलं.
एरवी गळ्यापर्यंत पाण्यात असणारा दगडी खांब,
एकाखाली एक भोकं, प्रत्येकात सागाची खुंटी.
आधी वरची काढायची.
पाणी उतरलं की तिच्याखालची.
मग तिच्याखालची.
"वरचं पानी उनानं तापलेलं," पतिरामजी म्हणाले,
"धानाले तेच मानवते."
मी खुंट्या मोजल्या. नऊ.
नऊ मजल्यांची इमारत म्हणा,
जिच्यात कुणी राहत नाही
आणि जिच्या प्रत्येक मजल्यावरून
पाणी नुसतं दिसत नाही, शेतात जातं.
कुणी काढला असेल हिचा सेक्शन?
का कागदच लागला नसेल?

ऑफिसात आले आणि शून्य हलवलं.
आमच्यात शून्य म्हणजे जोत्याची पातळी,
सगळे आकडे तिथून वर किंवा खाली.
मी ते उचलून सलंगीच्या दगडावर नेलं.
बेसमेंट उणे साडेचार मीटर.
लॉबी उणे सव्वा.
इटालियन संगमरवर, पाम, रिसेप्शनचं टेबल, सगळं उणे.
इमारत कमरेपर्यंत पाण्यात उभी राहिली,
म्हशीसारखी शांत.

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. चहा थंड झाला.
"हा लेयर बंद ठेव," म्हणाले, "प्रिंटला नको."

लेयरचं नाव मी 'भादवा' ठेवलंय.
बंद आहे.
पुसलेला नाही.

शुक्रवारी रात्री पतिरामजींचा फोन,
मागे कुणीतरी मसाला वाटत असल्याचा आवाज.
नकाशाचं काही विचारलं नाही.
"उद्या येसान ना?
भेंडी आनू नोको."